खंडित वाचन आणि अखंड विश्व : रोजच्या प्रवासातील अद्भुतकथेचा विचार

१

रोजच्या प्रवासात कोणते पुस्तक वाचावे, हा प्रश्न आपल्या समीक्षाव्यवहारात सहसा उपस्थित होत नाही. तो प्रश्न ग्रंथविक्रेत्याचा किंवा फार तर वाचनालयाच्या कर्मचाऱ्याचा, असे आपण गृहीत धरतो. त्यातही निवडलेले पुस्तक सोपे, गुंगवून टाकणारे आणि अद्भुतरम्य असेल तर त्याची गणना 'रंजनपर' या सदरात होते आणि विचार तेथेच थांबतो. प्रस्तुत लेखात या गृहीताचा फेरविचार करावयाचा आहे. नोकरी करणाऱ्या असंख्य माणसांच्या आयुष्यात प्रवासाचा तास हाच वाचनाचा एकमेव तास असतो. त्या तासात काय वाचले जाते याविषयी समीक्षेला काहीच म्हणावयाचे नसेल, तर समीक्षा ज्या वाचकाच्या नावाने बोलते तो वाचक नेमका कोण, हा प्रश्न शिल्लक राहतो.

विवेचनासाठी चेन्नई हे शहर निवडले आहे. चेन्नई बीच ते तांबरम या उपनगरी मार्गावर १९३१ पासून विजेच्या गाड्या धावत आहेत. सुमारे तीस किलोमीटरचे हे अंतर गाडी साधारणपणे तासाभरात कापते. १९९५ मध्ये उन्नत रेल्वे आणि २०१५ मध्ये मेट्रो यांची त्यात भर पडली. या प्रवासातील वाचन कसे असते? बसावयास जागा मिळेलच असे नाही. एका हाताने आधार धरून दुसऱ्या हातात पुस्तक धरावे लागते. दर दोन-तीन मिनिटांनी स्थानक येते, माणसे चढतात, उतरतात. मांबलमला गर्दी वाढते, गिंडीला डबा थोडा मोकळा होतो. उतरण्याचे स्थानक कथेतील प्रसंग संपण्याची वाट पाहत नाही. सकाळी तुटलेला धागा सायंकाळी दमलेल्या मनाने पुन्हा हाती घ्यावयाचा असतो.

अशा वाचनाला 'खंडित वाचन' म्हणता येईल. त्याच्या संदर्भात सुलभता आणि तन्मयता या दोन गुणांचा अर्थ कसा पालटतो, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

रेल्वे आणि वाचन यांचा संबंध आकस्मिक नाही. इंग्लंडमध्ये १८४८ च्या सुमारास स्थानकांवर ग्रंथविक्री सुरू झाली, फ्रान्समध्ये १८५० नंतर आशेतने रेल्वेसाठी स्वतंत्र ग्रंथमाला काढली. वोल्फगांग शिवेलबुश या जर्मन अभ्यासकाने १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रेल्वेप्रवास आणि वाचन यांच्या या नात्याची मीमांसा केली आहे. आपल्याकडे उत्तरेत व्हीलर कंपनीने १८८८ मध्ये किपलिंगच्या कथा स्वस्त रेल्वेमालेत छापल्या. दक्षिणेत १८४४ साली मद्रासमध्ये स्थापन झालेल्या हिगिनबॉथम्सची दुकाने स्थानकोस्थानकी दिसू लागली. मात्र हा विचार बहुधा लांबच्या प्रवासाचा आहे. लांबच्या प्रवासातील वाचक एकदा पुस्तकात शिरतो आणि बराच काळ आत राहतो. रोजच्या प्रवासातील वाचकाला आठवड्यातून दहा-बारा वेळा आत शिरावे लागते आणि तितक्याच वेळा बाहेर पडावे लागते. दोघांनाही 'रेल्वेवाचक' म्हणून एकाच कोटीत बसविल्याने मूळ प्रश्न झाकला जातो.

या प्रश्नाला मराठीपुरती आणखी एक बाजू आहे. आपल्या कादंबरीचा इतिहास बहुतेक वेळा अद्भुताकडून वास्तवाकडे झालेला प्रवास म्हणून सांगितला जातो. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) हा बाल्यावस्थेतील टप्पा आणि हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही प्रौढावस्था, असा तो क्रम. भालचंद्र नेमाडे यांनी 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' या तीन कृतींपासून तीन प्रवृत्ती निघाल्याचे दाखविले, तेव्हाही 'मुक्तामाले'ची परंपरा मूल्यदृष्ट्या खालच्या पायरीवरच राहिली. पण हरिभाऊंची ती वास्तववादी कादंबरी १८९० पासून ज्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होत होती, त्याचे नाव 'करमणूक' होते, हे आपण सोयीने विसरतो. वास्तव असो वा अद्भुत, आपली कादंबरी प्रथम खंडशः वाचली गेली. अखंड वाचनाची कल्पना नंतरची असून ग्रंथरूपाने आणि महाविद्यालयीन अभ्यासक्रमाने ती रूढ केली आहे.

३

खंडित वाचनाच्या विश्लेषणासाठी उपयुक्त अशी परिभाषा आपल्याच परंपरेत उपलब्ध आहे. 'अभिनवभारती'मध्ये रससूत्राचे विवरण करताना अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. रा. पं. कंगले यांच्या 'रस-भाव-विचार'मुळे हे विवेचन मराठी अभ्यासकांच्या परिचयाचे झाले आहे. त्यांपैकी दोन विघ्ने येथे विशेष महत्त्वाची आहेत.

पहिले विघ्न संभावनाविरहाचे. जे घडते ते शक्यच वाटत नसेल तर मन तेथे विसावत नाही. अद्भुतकथेचे हे जन्मजात संकट होय. अलौकिक पराक्रम दाखवावयाचा तर रामासारख्या प्रख्यात नायकाचा आधार घ्यावा, कारण दीर्घ प्रसिद्धीमुळे त्याच्याविषयीचा विश्वास आधीच रुजलेला असतो, असा उपाय अभिनवगुप्ताने सुचविला आहे. दुसरे विघ्न निजसुखादिविवशीभावाचे. प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखात गुरफटलेला असेल तर दुसऱ्याच्या भावात त्याचे मन रमणार कसे? त्यावर गीत, वाद्य, मंडपाची शोभा इत्यादींची योजना असते. त्यांच्या बळावर अहृदय माणूससुद्धा सहृदय होतो.

गाडीच्या डब्यात मंडप नसतो. कचेरीतील अपमान, घरातील आजारपण, महिनाअखेरची ओढाताण हे सारे वाचकाबरोबरच चढलेले असते. म्हणजे नाट्यगृहात जे काम गीतवाद्ये करीत, ते येथे पुस्तकालाच करावे लागते, आणि तेही दर प्रवासात नव्याने. या दृष्टीने पाहिल्यास सुलभता हा कृतीच्या दर्जाविषयीचा निवाडा उरत नाही, ती विघ्नापसारणाची योजना ठरते. संस्कृत साहित्यशास्त्राने प्रसाद हा गुण सर्व रसांना साधारण मानला, यामागेही हीच जाणीव आहे. वाळल्या इंधनात अग्नी पसरावा तसा अर्थ चित्तात पसरणे म्हणजे प्रसाद. अर्थ उथळ असणे म्हणजे प्रसाद नव्हे.

थोडक्यात, सुलभता हे दार आहे आणि तन्मयता ही दारामागची वास्तू. आपली समीक्षा पुष्कळदा दार पाहून वास्तूची किंमत ठरविते. रोजच्या प्रवासातील वाचक मात्र दोन वेगळ्या गोष्टी तपासत असतो. दार चटकन उघडते का, आणि आत परतून जावेसे वाटेल असे काही आहे का? या दुसऱ्या कसोटीला येथे 'पुनःप्रवेशक्षमता' असे नाव देतो.

४

या कसोटीवर प्रथम एक असे उदाहरण घेऊ, जे चेन्नईचेही आहे आणि मराठीचेही. जुलै १९४७ मध्ये बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी मद्रासमध्ये 'चंदामामा' तेलुगू व तमिळ भाषांत सुरू केला. तमिळ आवृत्तीचे नाव 'अंबुलिमामा'. १९५२ पासून तोच अंक 'चांदोबा' या नावाने मराठीत येऊ लागला. मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांचे पहिले अद्भुतविश्व अशा रीतीने मद्रासमध्ये सिद्ध होत होते. त्यातील विक्रम-वेताळ कथा आणि शंकर या चित्रकाराने रेखाटलेले, खांद्यावर प्रेत व हाती तलवार घेतलेल्या राजाचे चित्र आजही अनेकांच्या स्मरणात असेल.

वेताळकथेची मूळ रचनाच प्रवासाची आहे. राजाला शिंशपावृक्षापासून स्मशानापर्यंत ओझे वाहून न्यावयाचे आहे आणि वाट सुसह्य व्हावी म्हणून वेताळ कथा सांगतो. कथा संपते, प्रश्न विचारला जातो, मौन मोडते, वेताळ पुन्हा झाडावर जातो. दुसऱ्या खेपेस तीच वाट, तेच ओझे, नवी कथा. रोज त्याच मार्गाने जाणाऱ्या माणसाच्या वाचनाचे याहून नेमके रूपक सापडणे कठीण आहे. संस्कृत परंपरेतील पंचवीस कथा संपल्यावरही 'चांदोबा'तील विक्रमाची फेरी कित्येक दशके चालू राहिली, कारण त्या चौकटीत कोणतीही नवी कथा बसत होती. प्रत्येक वेळचा ठरावीक आरंभ आणि ठरावीक शेवट यांकडे आपण साचेबंदपणा म्हणून पाहतो. वस्तुतः ते दार आहे. महिनाभराने परतलेल्या वाचकालाही एका परिच्छेदात आत घेण्याचे काम ते करते.

दुसरे उदाहरण कल्कींच्या (रा. कृष्णमूर्ती, १८९९–१९५४) 'पोन्नियिन सेल्वन'चे. ही पाच भागांची कादंबरी 'कल्कि' साप्ताहिकातून १९५० ते १९५४ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. रूढ वर्गीकरणानुसार ती ऐतिहासिक कादंबरी होय. परंतु वाङ्मयप्रकारांच्या सीमा प्रत्येक भाषेत एकाच जागी नसतात. इंग्रजी वाचक ज्या ओढीने काल्पनिक राज्यांच्या कथांकडे जातो, ती ओढ तमिळमध्ये मोठ्या प्रमाणावर चोळ-पल्लवांच्या भूतकाळाने भागविली. निवेदक आरंभीच वाचकाला हजारेक वर्षे मागे, कल्पनेच्या नावेतून, सोबत येण्याचे आमंत्रण देतो. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी वीरनारायण तलावाच्या काठाने एकटा घोडेस्वार वंदियदेवन चालला आहे. कांचीहून आदित्य करिकालनने दिलेली पत्रे त्याला तंजावरला राजाकडे आणि पळैयारैला कुंदवैकडे पोहोचवावयाची आहेत. वाचकाला त्या क्षणी याहून अधिक काही ठाऊक असण्याची आवश्यकता नसते. एक वाट, एक निरोप, एक प्रवासी. पुढे कारस्थाने वाढतात, कथा लंकेपर्यंत जाते, आकाशात धूमकेतू दिसतो, परंतु कथेचा कणा प्रवासाचाच राहतो.

ही कादंबरी आठवड्याच्या खंडासाठी रचलेली असल्यामुळे दिवसाच्या खंडाला सहज पुरून उरते. प्रकरणे आटोपशीर, प्रत्येकाला शीर्षक, मणियम यांची चित्रे, मागील प्रसंगाचे ओझरते स्मरण आणि निवेदकाचे वाचकाशी थेट बोलणे. ग्रंथरूपात सलग वाचताना हीच पुनरुक्ती काहीशी शिथिल वाटते, हे मान्य केले पाहिजे. दाराआडून ऐकलेली गुपिते आणि योगायोग यांचे प्रमाणही बरेच आहे. तरीही तांबरमला उतरलेला वाचक सायंकाळी परततो तेव्हा याच शैथिल्याचा त्याला आधार होतो. दोष आणि गुण यांचा निर्णय येथे वाचनपद्धतीवर अवलंबून आहे.

संभावनाविरहावर कल्कींनी योजलेला उपाय अभिनवगुप्ताने सांगितलेलाच आहे. चोळराजे, तंजावर, कावेरी ही प्रख्यात वस्तू असल्याने तमिळ वाचकाचा विश्वास आधीच मिळालेला असतो. पण हीच सुलभता अनुवादात टिकत नाही. सी. व्ही. कार्तिक नारायणन यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचणाऱ्या मराठी वाचकाला पळुवेट्टरैयर किंवा आळ्वारकडियान ही नावे पहिले काही दिवस अडखळवितात. त्याला तंजावर ठाऊक असते ते भोसल्यांचे. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात कोरवून घेतलेला मराठी शिलालेख आणि १८०६ मध्ये तंजावरच्या छापखान्यात निघालेले इसापकथांचे मराठी भाषांतर 'बालबोधमुक्तावलि' या वाटेने तो तेथे पोहोचतो. गाव एकच असले तरी दारे वेगळी आहेत. तेव्हा सुलभता हा कृतीचा अंगभूत धर्म मानता येत नाही. ती कृती, भाषा आणि वाचक यांमधील संबंधाचे नाव आहे. तौलनिक अभ्यासकाने या मुद्द्याची विशेष दखल घ्यावयास हवी.

५

आता तमिळमधील 'पॉकेट नॉव्हेल' पाहू. बसस्थानके, चहाची दुकाने आणि रेल्वेचे फलाट येथे विकल्या जाणाऱ्या या स्वस्त मासिक-कादंबऱ्या हेच प्रवासवाचनाचे आदर्श रूप, असे वाटणे स्वाभाविक आहे. राजेशकुमार यांच्या नावावर हजारांहून अधिक कादंबऱ्या आहेत. इंदिरा सौंदरराजन यांनी गूढ-दैवी कथांचे क्षेत्र गाजविले. २००८ मध्ये ब्लाफ्ट या चेन्नईच्या प्रकाशनसंस्थेने प्रीतम चक्रवर्ती यांच्या अनुवादातून या साहित्याचे संकलन इंग्रजीत आणले, तेव्हा अभ्यासकांचे लक्ष तिकडे वळले. या कादंबरिका सुलभ आहेत, एका हातात मावतात. पण त्यांची पुनःप्रवेशक्षमता बेताचीच असते.

याचे कारण तोदोरोव्हच्या सुप्रसिद्ध सिद्धान्ताच्या (१९७०) साहाय्याने समजून घेता येते. त्याच्या मते विलक्षण साहित्याचा प्राण वाचकाच्या दोलायमानतेत असतो. घडले ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक, याचा निर्णय लांबणीवर पडलेला असतो. निर्णय अतिनैसर्गिकाच्या बाजूने झाला की आपण निखळ अद्भुतात प्रवेश करतो. गूढकादंबरिका बहुधा या संशयावरच उभी असते. हत्या देवाने केली की माणसाने? संशयाचा ताण मात्र रात्र ओलांडत नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडताना तो नव्याने जमवावा लागतो. म्हणूनच ही कादंबरिका एका-दोन खेपांत संपेल एवढीच असते. तिचे आखूडपण केवळ किमतीमुळे आलेले नाही, ती आशयाचीही गरज आहे. याउलट ज्या अद्भुतविश्वाचे नियम एकदा मान्य झाले, ते रात्रभरात विरत नाही. उर्सुला ले ग्विनच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'मध्ये (१९६८) वस्तूचे खरे नाव जाणणे म्हणजे तिच्यावर सत्ता मिळविणे, हा नियम एकदा मनात बसला की वाचक कोणत्याही पानावरून परत आत येऊ शकतो. 'पोन्नियिन सेल्वन' ज्या वर्षी पूर्ण झाली त्याच १९५४ मध्ये टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला खंड निघाला. दोन्हींत प्रवास हाच कणा आहे, आणि दोन्ही कृती प्रचंड असूनही रोजच्या वाचकाने त्या पेलल्या. यातून दिसते ते असे की प्रवासवाचनात आकार हा अडथळा नसतो. अडथळा असतो तो विस्मरणाचा.

दुसऱ्या टोकाला जी. ए. कुलकर्णी. 'रमलखुणा'तील 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दीर्घकथा मराठीतील अद्भुताची श्रेष्ठ रूपे आहेत. शीर्षकाला भुलून प्रस्तुत लेखकाने हे पुस्तक एकदा बीच-तांबरम गाडीत नेले होते. तिसऱ्या दिवशी ते परत कपाटात गेले. तन्मयता त्यात आहे, किंबहुना जीव गुदमरेल इतकी आहे. पण प्रत्येक वाक्यावर प्रतिमांचा भार असल्यामुळे गाडीतून उतरताना वाचक जेथे थांबतो तेथे त्याला उभे राहण्यापुरतीही सपाट जागा मिळत नाही. परतताना कित्येक पाने मागे जावे लागते. हा त्या कथांचा दोष नव्हे. त्यांना सलग रात्र हवी असते, इतकेच.

मग कठीण कृतीला रोजच्या प्रवासात स्थानच नाही काय? तमिळमध्येच याचे उत्तर सापडते. जेयमोहन यांची 'विष्णुपुरम' (१९९७) ही तत्त्वचर्चेने गजबजलेली, कठीण म्हणून ओळखली जाणारी कादंबरी आहे. याच लेखकाने जानेवारी २०१४ ते जुलै २०२० या काळात महाभारताची 'वेण्मुरसु' ही पुनर्रचना आपल्या संकेतस्थळावरून रोज एक प्रकरण याप्रमाणे सव्वीस कादंबऱ्यांत पूर्ण केली. तिची भाषा सोपी नाही. परंतु कथावस्तू प्रख्यात आहे आणि दिवसाची मात्रा ठरलेली आहे. काठिण्य वाक्यात ठेवून सुलभता विभागणीत आणली, की कठीण कृतीही खंडित वाचनाला सामोरी जाऊ शकते.

६

येथे एका गंभीर आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. दमलेल्या माणसाच्या हाती गुंगवणारे अद्भुत देणे म्हणजे त्याला त्याच्या अवस्थेचे विस्मरण घडविणे नव्हे काय? ज्या गर्दीविरुद्ध, ज्या कामाच्या तासांविरुद्ध त्याने बोलावे, ती गर्दी त्याला जाणवूच नये अशी ही व्यवस्था आहे, असे कोणी म्हणेल. टॉल्किनने आपल्या परीकथांवरील निबंधात (१९४७) कैद्याची सुटका आणि सैनिकाचे पलायन यांत गल्लत करू नये असे प्रतिपादन केले आहे. पण ते उत्तर अर्धेच आहे, कारण सायंकाळी सुटलेला हा कैदी सकाळी पुन्हा त्याच डब्यात चढतो.

उरलेले उत्तर वेताळापाशी आहे. वेताळ वाट विसरावयास लावतो खरा, परंतु शेवटी प्रश्न विचारतो, आणि उत्तर ठाऊक असूनही मौन पाळले तर डोक्याची शकले होतील असा धाक घालतो. कथेत रमलेल्या माणसाला न्यायाधीश व्हावे लागते. 'पोन्नियिन सेल्वन'चा शेवटही असाच आहे. सिंहासन कोणाचे या प्रश्नासाठी पाच भाग खर्ची पडतात, आणि अखेरच्या 'त्यागशिखर' या भागात अरुळमोळिवर्मन स्वतःसाठी सिद्ध झालेला मुकुट दुसऱ्याच्या मस्तकावर ठेवतो. करिकालनाची हत्या नेमकी कोणी केली, हा प्रश्न मात्र पूर्णपणे सुटत नाही. कादंबरी संपल्यावर वाचकांनी एवढे प्रश्न केले की कल्कींना उपसंहारात पात्रांच्या पुढील आयुष्याची हकीकत द्यावी लागली. निद्रिस्त वाचक असे प्रश्न विचारीत नाहीत. गुंगणे आणि गुंगी यांत भेद आहे, आणि तो भेद कृतीने शेवटी काही मागितले की नाही यावरून ओळखता येतो.

तेव्हा रोजच्या प्रवासासाठी पुस्तक निवडणारा माणूस नकळत चार प्रश्न विचारीत असतो. पहिल्या पानावर दार उघडते का? काल ठेवलेले विश्व आज जागेवर सापडते का? प्रकरणाचा पल्ला माझ्या प्रवासाच्या पल्ल्याशी जुळतो का? आणि उतरल्यावर बरोबर न्यावे असे काही मिळते का? यांपैकी पहिल्या तिघांची उत्तरे तो स्वतः अचूक देतो, कारण ती त्याच्या अनुभवातली आहेत. चौथ्या प्रश्नाशी समीक्षेने त्याला सोबत करावयास हवी. आजवर आपण पहिल्या तीन प्रश्नांना तुच्छ लेखले आणि चौथा प्रश्न ज्याच्याकडे वाचावयास सलग दिवस आहे अशा वाचकासाठी राखून ठेवला. आज डब्यातील बहुतेकांच्या हाती पुस्तकाऐवजी भ्रमणध्वनी असतो आणि त्यावरही कथा वाचल्या जातात, ऐकल्या जातात. साधन पालटले तरी वाचनाचे खंड पडतातच, वाट तीच राहते आणि ओझेही तेच राहते. ते वाहणाऱ्या माणसाला कोणती कथा सांगावी, हा प्रश्न क्षुल्लक मानणारी समीक्षा वेताळाच्या प्रश्नापुढे मौन पाळणाऱ्या राजासारखी आहे. तिला उत्तर ठाऊक आहे, तेव्हा ते तिने द्यावे.